साखरेचं सुतक

मालवण, ४ जानेवारी १९८८

चि. हरिश्चंद्र यास,
आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत आलास, चार दिवस पोटभर मासे खाल्लेस आणि जाताना सख्ख्या आत्येचं रक्त काढवून गेलास. आकडा निघाला एकशे ब्याऐंशी. त्या आकड्यावर तू एस्टी स्टँडवर उभा राहून जे भाषण केलंस ते मी विसरलेले नाही. मे महिन्यात मला मुलुंडला नेणार, घराला कुलूप लावणार, कारण "इथे एकटीला काही झालं तर कोणाला कळणारसुद्धा नाही." हरी, या गावात मी दोनदा शिंकले तर तिसऱ्या शिंकेच्या आधी शेजारची तुळसा कुंपणाशी येऊन उभी राहते.

मी बत्तीस वर्षं गणित आणि शास्त्र शिकवलं आहे. रक्तात साखर वाढणं म्हणजे काय हे मला कळतं. बेळगावच्या कॉन्व्हेंटात आम्हाला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या: नखं स्वच्छ ठेवणं आणि कोणी आरोप केला तर तो लेखी मागणं. तेव्हा किती आकडा आला म्हणजे मी माझ्या घरात राहायचं ते कागदावर लिही आणि खाली सही कर. तोंडी वचनं नकोत. ती तुझ्या वडिलांनीही मला पुष्कळ दिली होती.

तुझ्या कंपनीचा पावडरीचा डबाही पोचला. त्याच्यावर उघड्या अंगाच्या एका माणसाचं चित्र आहे, दंड फुगवलेला आणि चेहरा बद्धकोष्ठ झाल्यासारखा. पार्सल वाटेत फाटलं होतं. पोस्टमन सत्यवानाने ते देताना विचारलं, "बाईनू, तालीम काढूची आसा काय?" मी म्हटलं, पुतण्याने फुलझाडांचं खत पाठवलं आहे.

साखरेचं हे प्रकरण काशिनाथ सोडून इथे कोणालाही ठाऊक नाही. बाजारात रक्त-लघवी तपासतो तोच. त्याला मी नववीत दोनदा बसवलं होतं, त्यामुळे तो तोंड उघडणार नाही. तूही कोणाला लिहू नकोस.

तुझी,
सुशीलाआते


मुलुंड, ११ जानेवारी १९८८

ती. सुशीलाआतेस,
सा. न. वि. वि.

कागद सोबत जोडला आहे. तुझ्या समाधानासाठी इथेही लिहितो: "३० एप्रिल रोजी उपाशीपोटी साखर १४०च्या आत आली तर आते मालवणात राहील आणि मी हा विषय पुन्हा काढणार नाही. न आल्यास आते मे महिन्यात मुलुंडला येईल आणि वाटेत भांडणार नाही." साक्षीदार म्हणून तुझ्या सुनेने, लीलाने, सही केली आहे. सही करताना ती म्हणाली, "दुसरं वाक्य कशाला लिहिताय, ते काही पाळलं जाणार नाही."

आता शास्त्र ऐक. तुझ्या शरीरात इन्सुलिन नाही असं नाही. ते भरपूर आहे. पण ते पेशीच्या दारावर टकटक करतं आणि आतलं कोणी उठत नाही. म्हणून साखर बाहेर रक्तातच ताटकळत राहते. याला आम्ही इन्सुलिनला होणारा रोध म्हणतो. व्यायाम केला की स्नायूंना साखरेची भूक लागते, ते दुसरं दार उघडतात आणि इन्सुलिनचंही ऐकायला लागतात. डब्यात ॲमिनो आम्लं आहेत. प्रथिनं ज्या विटांची बनतात त्या या विटा. व्यायामाबरोबर त्या दिल्या तर स्नायू सुधारतो आणि साखर लवकर उतरते, अशी आमच्या कंपनीला आशा आहे.

आशा म्हणतो, कारण पुरावा अजून कमी आहे. तू शास्त्राची शिक्षिका. तर रीतसर प्रयोग कर. तीन आठवडे नुसती पावडर, मग तीन आठवडे नुसतं चालणं, रोज सकाळी एक तास, आणि मग तीन आठवडे दोन्ही. प्रत्येक टप्प्याला काशिनाथकडे रक्त. गोड अर्थातच बंद.

तुझा,
हरी


मालवण, २७ फेब्रुवारी १९८८

चि. हरिश्चंद्र यास,
आशीर्वाद.

माझ्या पेशी कचेरीतल्या कारकुनासारख्या आहेत हे तुझ्या पत्रावरून कळल्यापासून मला त्यांचा फार राग आला आहे. टकटक केली तर उठायचं असतं. मी असते तर त्यांना वर्गाबाहेर उभं केलं असतं.

निकाल लिहून घे. नुसती पावडर, तीन आठवडे: १८०. म्हणजे सुरुवातीपेक्षा दोनच कमी, त्याला मी फरक मानत नाही. पावडरीला उकडलेल्या पुठ्ठ्याची चव आहे आणि वर व्हॅनिला. डब्यावर ज्या आम्लांची यादी छापली आहे ती सगळी मी तुझ्या जुन्या पुस्तकात पडताळून पाहिली. हरी, ही सगळी बांगड्यात असतात. कुळथाच्या पिठीतही बरीचशी असतात. देवाने ती आधीच डब्यात भरून समुद्रात सोडली आहेत.

नुसतं चालणं, तीन आठवडे: १९८.

तू चुकीचं वाचलं नाहीस. एकशे अठ्ठ्याण्णव. मी रोज सकाळी साडेसहाला मेढ्यातून निघते आणि चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत येते. एक तासाची वाट आहे, मला अडीच तास लागतात, कारण या गावाला कारण नसताना चालणारा माणूस ठाऊकच नाही. पहिल्या दिवशी तुळसा अंगणातलं खळं झाडत होती. "बाईनू, खंय चल्लात?" मी म्हटलं, कुठे नाही. "खंय नाय तर चल्लात कशाक?" म्हटलं, अशीच. तिने झाडू खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घर सोडून निघाले आहे. "पयली आत येवा. बसा. च्या घेतल्याशिवाय मी जावक देवचंय नाय."

पुढे गणपतचं घर, मग सीताचं, मग बाबलीचं. सगळ्यांना तोच प्रश्न. गणपतच्या आईने तर मला हळूच विचारलं, घरात कोणाशी वाद झाला का. मी एकटी राहते, वाद कोणाशी करणार? परत येईपर्यंत ऊन चढतं. सांगायचं म्हणजे या लोकांचा वेळ जातो, माझाही जातो, पण चालणं मी एक दिवसही चुकवलेलं नाही.

घरात साखरेचा कण नाही. मुंग्यासुद्धा घर सोडून तुळसाकडे गेल्या. असं असताना आकडा वर का गेला ते तुझ्या शास्त्राने सांगावं.

तुझी,
सुशीलाआते


मुलुंड, ५ मार्च १९८८

ती. आतेस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि ऑफिसलाही नेलं. व्यायामाने साखर वाढते असं आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नाही. आमचे मुख्य शास्त्रज्ञ चष्मा काढून म्हणाले, "इंटरेस्टिंग. किनारपट्टीच्या लोकांमध्ये रोध वेगळ्या प्रकारचा असू शकतो." मंगळवारच्या मीटिंगमध्ये मी तुझे आकडे फळ्यावर लिहिले. नाव लिहिलं नाही, फक्त "स्त्री, वय ६२, मालवण." एकाने विचारलं, त्या भागातल्या पाण्यात काही असतं का.

मोठा डबा पाठवतो आहे. मात्रा दुप्पट कर आणि चालणं अर्ध्या तासाने वाढव.

आते, मी तुला घाबरवत नाही. पण बाबा गेले तेव्हा त्यांचा आकडाही दोनशेच्या आसपासच होता, आणि आम्ही "बघू, बघू" करत राहिलो. त्या वेळी मी मुंबईत होतो आणि कळलं तेव्हा पोचायला एक दिवस उशीर झाला. म्हणून मी भांडतो.

तुझा,
हरी


मालवण, १९ मार्च १९८८

चि. हरिश्चंद्र यास,
आशीर्वाद.

दुप्पट पावडर, दीड तास चालणं: २०९.

काशिनाथने आकडा सांगताना टेबलाखाली काहीतरी पडल्याचं नाटक केलं आणि खालूनच सांगितला.

वाट वाढवली म्हणून मी राजकोट किल्ल्यावरून वळसा घेते. त्या बाजूला चार घरं जास्त. सर्वांचा आग्रह, सर्वांचे प्रश्न. बाबलीने काल कपाबरोबर खाजाही दिला. मी तिला पाढे शिकवले आहेत, तिला नाही कसं म्हणणार?

त्या तुझ्या शास्त्रज्ञाला सांग, पाण्यात काही नाही. आणि मी "किनारपट्टीचे लोक" नाही. मी सुशीला आहे.

भाईची आठवण काढून मला नमवता येईल असं तुला वाटत असेल, तर तुला अर्धं बरोबर वाटतं.

तुझी,
सुशीलाआते


मुलुंड, २५ मार्च १९८८

ती. आतेस,
सा. न. वि. वि.

तीन मेची परतीची दोन तिकिटं काढली आहेत. लीलाने बाल्कनीकडची खोली रिकामी केली. कडप्प्याचं एक कपाट तुझ्या पुस्तकांसाठी ठेवलं आहे. पावडर बंद कर, इथे आल्यावर मोठ्या डॉक्टरांना दाखवू.

राग मानू नकोस.

तुझा,
हरी


मालवण, २ एप्रिल १९८८

चि. हरिश्चंद्र यास,
आशीर्वाद.

कपाट परत भर. काशिनाथने काल रक्त घेतलं: १५१.

सांगते. एकवीस मार्चला आचऱ्याचे विश्रामकाका वारले. चौऱ्याण्णव वर्षांचे होते, त्यामुळे रडणं थोडं आणि कोणाला किती दिवस सुतक याची मोजणी फार झाली. ते आपले भाऊबंद. मी लग्न करून दुसऱ्याच्या घरात गेले नाही, म्हणून मला बापाच्या कुळाचं पूर्ण दहा दिवसांचं सुतक. तुला ठाऊक आहे, मी हे काही मानत नाही. चौदाव्या वर्षी आजीशी यावरून वाद घालून मी ताटावरून उठले होते. पण गाव मानतं.

सुतकातही मी चालायला निघाले. तुळसाने खळ्यातून पाहिलं. "बाईनू..." म्हणाली आणि थांबली. "सुतक आसा न्हय तुमका. जावा, जावा." गणपत दारातून आत गेला. बाबलीने नुसते हात जोडले. सुतकातल्या माणसाने कोणाच्या घरात जायचं नाही आणि कोणी त्याला बोलवायचं नाही. मी एका तासात चिवल्याला जाऊन परत आले. दहा दिवस हेच.

नवव्या दिवशी, तुळशीला पाणी घालताना (तेही घालायचं नव्हतं, पण तुळस काय करणार), माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला माझीच लाज वाटली. घरात मी साखरेला शिवत नव्हते हे खरं. पण दुसऱ्याच्या घरी जे पोटात जातं ते खाणं आहे असं मला कधी वाटलंच नाही. तो शिष्टाचार. पाहुणा म्हणून घेतलेला चहा माणूस मोजतो का? वाटेवर सहा घरं होती, नंतर दहा झाली. प्रत्येक घरी एक कप, आणि पाहुण्याला फिका चहा दिला तर घराची अब्रू जाते म्हणून प्रत्येक कपात तीन चमचे. वर कुठे गूळ, कुठे खाजा.

तुझ्या कंपनीच्या फळ्यावरचा तो १९८ पुसून टाक. मी शास्त्राच्या शिक्षिकेला न शोभणारी चूक केली आहे.

तुझी,
सुशीलाआते


मुलुंड, ८ एप्रिल १९८८

ती. आतेस,
सा. न. वि. वि.

दहा कप, तीस चमचे. मी कागदावर मांडलं आणि लीलाला दाखवलं. ती हसून हसून गॅसजवळ बसली. ऑफिसात मात्र कोणी हसलं नाही. मुख्य शास्त्रज्ञांनी किनारपट्टीवर एक टिपण लिहायला घेतलं होतं.

पण मग प्रश्नच मिटला. सरळ सांग की मला मधुमेह आहे, मी चहा घेत नाही. एका वाक्याचं काम आहे. तिकिटं अजून रद्द केलेली नाहीत. तीस एप्रिलला १४०च्या आत आण, मी स्वतः रद्द करतो.

तुझा,
हरी


मालवण, १३ एप्रिल १९८८

चि. हरिश्चंद्र यास,
आशीर्वाद.

एका वाक्याचं काम. तू मुंबईत राहून फार सोपा झाला आहेस.

इथे चहा कपात बनत नाही, टोपात बनतो. आधण ठेवतानाच साखर, दूध, सगळं एकत्र पडतं. मला बिनसाखरेचा द्यायचा तर वेगळा टोप, वेगळी चूल. म्हणजे मी घरात शिरायचं आणि त्यांच्या टोपाला नाव ठेवायचं. "आमची च्या चलना नाय काय तुमका?" हे वाक्य मी एकदा सीताच्या सासूला कोणालातरी म्हणताना ऐकलं आहे. त्या दोघी सात वर्षं बोलल्या नाहीत.

आणि दुसरं. या रस्त्यावरच्या अर्ध्या लोकांना मी अंगठे धरून उभं केलं आहे. आजही मी समोरून आले की गणपत विडी पाठीमागे लपवतो, तो पन्नाशीचा आहे. मला आजार आहे हे कळलं की हेच लोक माझ्याकडे मान वाकडी करून बघतील. "बिचारी बाय" म्हणतील. रोज कोणीतरी कडू कारल्याचा रस घेऊन येईल आणि मी तो पिईपर्यंत उभं राहील. मला लोक घाबरलेले चालतात, कीव केलेली चालत नाही.

दहा तारखेपासून मी घरातच खळ्यात फेऱ्या मारते. वीस पावलं जायची, वीस यायची. घाण्याचा बैल बरा, त्याचं तेल तरी निघतं. यातून १४० होणार नाही हे मला गणिताने कळतं. सतरा दिवस उरले आहेत. काहीतरी करावं लागेल. काय ते मी तुला लिहिणार नाही.

तुझी,
सुशीलाआते


मुलुंड, २३ एप्रिल १९८८
(एक्स्प्रेस डिलिव्हरी)

ती. आतेस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. आज तुळसाकाकूंचं कार्ड आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. "आपले काका गंगाराम यांच्या निधनाची बातमी सुशीलाबाईंकडून समजली. बाई धीराने सुतक पाळत आहेत. आपण दुःख आवरावे."

आते, हे कोण गंगाराम? जर ते नागपूरला रेल्वेत गेलेले गंगारामकाका असतील, तर ते परवा आमच्याकडे जेवले. दोन वेळा भात घेतला. बायको गेल्यापासून त्यांना गाव आठवतं म्हणाले, पत्ता लीलाच्या मामाकडून मिळवला होता. ते उद्याच्या रातराणीने मालवणला निघाले आहेत. "सुशीला मला ओळखेल का?" असं विचारत होते. मी म्हटलं, नक्की ओळखेल.

हे पत्र वेळेत पोचणार नाही म्हणून तारही करतो आहे.

तुझा,
हरी


(तार)
गंगाराम जिवंत. सोमवारी पोचतो. हरी.


मालवण, १ मे १९८८

चि. हरिश्चंद्र यास,
आशीर्वाद.

तार सोमवारी दुपारी आली. गंगाराम सोमवारी सकाळीच आला होता.

होय, मी खोटं बोलले. सतरा तारखेला तुळसाला सांगितलं की आपला नागपूरचा गंगाराम वारला, पत्र आलं. एकोणपन्नास साली गेलेला माणूस, चाळीस वर्षांत एक कार्ड नाही. मला वाटलं, तो गेलाच असणार, आपण फक्त बातमी उशिरा देतो आहोत. आठ दिवस मी राणीसारखी चालले. नवव्या दिवशी एस्टीतून वळकटी घेऊन तो उतरला आणि माझं घर कुठे म्हणून नेमकं तुळसाला विचारलं. तिने विचारलं, आपण कोण? त्याने सांगितलं. तिच्या हातातली कळशी तिथेच सुटली. "मेल्लो माणूस एस्टीतसून उतारलो," असं ओरडत ती बाबलीकडे पळाली. अर्ध्या तासात माझ्या खळ्यात पंचवीस माणसं होती. गंगाराम मध्ये उभा राहून सर्वांना नमस्कार करत होता. त्याला वाटलं, त्याच्या स्वागताला आली आहेत.

कोणीतरी विचारलं, "बाईनू, ह्यां काय?" मी गंगारामची वळकटी उचलून आत नेऊन ठेवली.

तुळसा हळू म्हणाली, "मी तुमच्या सुतकात आमचो सत्यनारायण फुडे ढकललंय, बाईनू." एवढंच. मग सगळे गेले.

गंगारामला मी खरं सांगितलं. तो रागावला नाही. त्याने फक्त विचारलं, "मग दहावा कोणी केला असता?" आता रस्त्यावरची घरं त्याला रोज चहाला बोलावतात. मेलेला माणूस चहा कसा पितो ते पाहायचं असतं त्यांना. तो दहाही घरी जातो. त्याला साखर नाही. तुझ्या पावडरीचा मोठा डबाही त्याने केळ्यांबरोबर संपवला, चव आवडली म्हणाला.

मला कोणी बोलावत नाही. सुतक नाही, तरीही. मी रोज चालते. मी आले की तुळसा झाडता झाडता पाठ फिरवते. गणपत विडी लपवत नाही, माझ्यासमोर ओढतो. दारं उघडी असतात आणि आतून कोणी काही विचारत नाही.

काल तीस तारीख. काशिनाथने आकडा लिहून दिला: १२६. कागद सोबत जोडला आहे.

तू हरलास. तिकिटं रद्द कर.

तुझी,
सुशीलाआते


मुलुंड, ७ मे १९८८

ती. आतेस,
सा. न. वि. वि.

तुझी १२६ची तार मिळताच तिकिटं दोन तारखेलाच रद्द केली. ठरल्याप्रमाणे हा विषय मी पुन्हा काढणार नाही, पण तुझं पत्र लीलाने वाचलं आणि एक गोष्ट तिने लिहायला सांगितली. ती म्हणते, आमच्या इमारतीत चौसष्ट घरं आहेत आणि आत्यांनी रोज सर्व जिन्यांवरून चाललं तरी एकजण काही विचारणार नाही. तसंच राहायचं असेल तर मालवण कशाला, इथेच १२६ येईल.

मला तिचं बोलणं आवडलं नाही. पण खोडताही आलं नाही.

तुझा,
हरी


मालवण, २४ मे १९८८

चि. हरिश्चंद्र यास,
आशीर्वाद.

लीलाला सांग, तिचं वाक्य मी दोन दिवस चघळलं आणि ते तुझ्या पावडरीपेक्षा गिळायला कठीण गेलं.

तेरा तारखेला सकाळी मी चालायला निघाले आणि तुळसाच्या खळ्यात थांबले. तिने पाठ फिरवली. मी पडवीवर जाऊन बसले. न बोलावता कोणाच्या पडवीवर बसण्याची माझी ही पहिलीच वेळ. म्हटलं, "तुळसा, माका मधुमेह आसा. डिसेंबरापासून. म्हणान मी चलतंय. तुमची च्या घेवन माझी साखर दोनशेच्या वर गेली. सांगूक लाज वाटली, म्हणान गंगारामाक मारलंय."

ती झाडू धरून उभी होती. मग म्हणाली, "इतक्याच?"

"इतक्याच."

"चमचाभर साखरेसाठी अख्खो माणूस मारलात, बाईनू? तो पण आमच्यात इलेलो बरो माणूस?" आणि तिने खांबाला धरून असं हसायला सुरुवात केली की बाबली धावत आली, तिच्यामागून गणपत, आणि मला तेच सगळं पुन्हा तिघांसमोर सांगावं लागलं. गणपत म्हणाला, "माका वाटला, तुमका आमचो कंटाळो इलो." हा पन्नाशीचा माणूस हे बोलताना खाली बघत होता. मला वाटलं होतं कीव येईल. आला तो राग, आणि तो पुरा पंधरा मिनिटं चालला. सर्वांनी मला यथेच्छ झापलं. तुळसाने तर मला "खोटारडी" म्हटलं, तेही बाईनू लावून. मी ऐकून घेतलं.

मग तिने दुसरा टोप चुलीवर ठेवला. त्यात साखर नाही. कप माझ्या हातात दिला आणि स्वतःच तोंड वाकडं करून बघत राहिली. पाहुण्याला असं काही दिलंय हे तिला सोसेना. शेवटी आत गेली, बोटाच्या पेराएवढा गुळाचा खडा आणला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "येवढो तरी खावा. नायतर माका घास जावचो नाय."

मी खाल्ला. आता रोज एका घरी बिनसाखरेचा चहा आणि एवढासा गूळ, असं त्यांनी आपापसात ठरवलं आहे. पाळी लावली आहे, सोमवार तुळसा, मंगळवार बाबली, आणि पुढे. मला विचारलं नाही. इतर घरी मी फक्त थांबते, बोलते आणि पुढे जाते. सकाळी तुळसा आणि सीता माझ्याबरोबर निघतात. तुळसाला वाटतं, चालल्याने तिचा गुडघा सुटेल. मी तिला स्नायूंच्या दुसऱ्या दाराची गोष्ट सांगते. ती म्हणते, दार गुडघ्यात आहे का ते आधी सांगा.

तुझ्या कंपनीला एवढं कळव: आमच्याकडे पावडरीचा निकाल लागलेला नाही. प्रयोगात चहाची भेसळ झाली. पावडर निरुपयोगी आहे असंही मी म्हणणार नाही आणि उपयोगी आहे असंही नाही. शास्त्रात कळलं नाही तर कळलं नाही असं लिहायचं असतं. चालण्याबद्दल मात्र माझी खात्री आहे.

आज पुन्हा रक्त दिलं. १३८. काशिनाथचा चेहरा पडला, म्हणाला, बाई, बारा वाढली. मी त्याला म्हटलं, वाढू दे, ती बारा मी मोजून घेतली आहे. १४०ला अजून दोन कमीच आहेत, आणि मी त्या दोनांवर नजर ठेवून आहे.

तुझी,
सुशीलाआते